सण वर्गात येतात. भाषा येते का?

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या शाळांमध्ये स्पॅनिशच्या वर्गाचे रूप पालटते. भिंतीवर कातरकामाच्या रंगीत पताका, कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, तिच्यावर झेंडूची फुले, साखरेच्या कवट्या आणि कोणाच्या तरी आजोबांचा फोटो. मेक्सिकोतला ‘मृतांचा दिवस’ साजरा होत असतो. पलीकडे जर्मनच्या वर्गात ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या मिरवणुकीसाठी कागदी कंदील चिकटवले जातात. फेब्रुवारीत फ्रेंचच्या वर्गात तव्यावर क्रेप उलटतात, तर जपानीच्या वर्गात राक्षसाचा मुखवटा घातलेल्या मास्तरांना मुले भाजलेले सोयाबीन फेकून मारतात. पुण्या-मुंबईतल्या परकीय भाषांच्या वर्गांनाही ही दृश्ये नवी नाहीत. मुले खूश, पालक खूश, मुख्याध्यापक तर फोटोंमुळे अधिकच खूश. एवढे सगळे झाल्यावर शिकायच्या भाषेतली किती वाक्ये मुलांच्या तोंडून निघाली, हे विचारणारा मात्र सहसा त्या खोलीत कोणी नसतो.

खोलीबाहेर असे विचारणारे भरपूर आहेत, आणि त्यांच्यातला वाद जुना आहे. एका बाजूचे म्हणतात, वर्षाला मोजके तास मिळतात, ते कातरी आणि डिंकात घालवले तर क्रियापदे कधी शिकवायची? दुसऱ्या बाजूचे म्हणतात, नुसती क्रियापदे घोकून कोणाला भाषा आली आहे? मुलाला आधी त्या माणसांविषयी ओढ वाटू दे, व्याकरण मागाहून येईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघेही एक साधी तपासणी करत नाहीत: या सणात कोणाला काही बोलावे लागते का? सगळे सण या बाबतीत सारखे नसतात. काहींमध्ये प्रश्नोत्तरे, मागणे, नाकारणे, नवस, चेष्टा हे सणाच्या पोटातच असते. काही सण नुसते बघायचे आणि खायचे. पहिल्या जातीचे सण भाषेच्या तासाला आणावेत आणि दुसऱ्या जातीचे मधल्या सुट्टीत उरकावेत, असे माझे मत आहे. पुढचा आढावा त्याच अंगाने घेतला आहे.

सणातून शिकवण्याची युक्ती आधुनिक शिक्षणशास्त्राची नव्हे. ज्यूंच्या वल्हांडण सणाची रात्र घ्या. जेवणाच्या टेबलाशी घरातले सर्वांत धाकटे मूल चार ठरलेले प्रश्न विचारते आणि मोठ्यांनी इजिप्तमधल्या गुलामगिरीची आणि सुटकेची हकिकत सांगून उत्तर द्यायचे असते. प्रश्न विचारल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. या विधीच्या पोथीला हगादा म्हणतात. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची घरची भाषा मराठी, प्रार्थनेची हिब्रू. त्यांच्यासाठी १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला. पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. शिक्षणशास्त्रातले हल्लीचे शब्द काढून टाकले तर ‘सणाधारित द्वैभाषिक पाठ्यपुस्तक’ हेच त्या पोथीचे वर्णन होईल.

हिब्रूचीच पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. हिब्रूला पुन्हा बोलती भाषा करू पाहणारा एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये पॅलेस्टाइनात आला तेव्हा हिब्रू ही पोथीची आणि पत्रव्यवहाराची भाषा होती. मुले घरी यिडिश बोलत. १८९० मध्ये झिखरोन याकोव्ह या वसाहतीतल्या शाळेचा शिक्षक झेएव याव्हेत्झ याने तू बिश्वात या सणाला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, विद्यार्थ्यांना झाडे लावायला बाहेर नेले. धर्मग्रंथात या दिवसाचे महत्त्व फळांच्या हिशेबापुरते होते. १९०८ मध्ये हिब्रू शिक्षकांच्या संघटनेने हा उपक्रम उचलून धरला आणि पुढे तो देशव्यापी झाला. खड्डा खणताना, रोप धरताना, पाणी आणताना जे बोलावे लागते ते प्रार्थनापुस्तकात नसते. मृतप्राय म्हटली गेलेली भाषा मुलांच्या तोंडी बसवायला बालवाडीची गाणी, खेळ आणि असे सण फार उपयोगी पडले. नवे शब्द घडवणाऱ्या बेन-येहुदाचे नाव जगभर झाले, शाळामास्तर मागे राहिले.

विसाव्या शतकात परकीय भाषांचे अध्यापन बराच काळ भाषांतर आणि व्याकरण यांच्या कह्यात होते. संस्कृती म्हणजे गटे, मोलियर, सर्व्हान्तेस; त्याही वरच्या वर्गात गेल्यावर. रोजचे जगणे अभ्यासाच्या योग्यतेचे मानले जाऊ लागले ते उशिरा. अमेरिकेत परकीय भाषाशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने इतर संघटनांबरोबर १९९६ मध्ये जी मानके प्रसिद्ध केली, त्यात संवादाच्या बरोबरीने संस्कृतीला स्वतंत्र स्थान मिळाले आणि संस्कृतीची तीन अंगे सांगितली गेली: वस्तू, रीती आणि त्यांच्यामागची दृष्टी. मांडणी सुटसुटीत आहे. वर्गात झाले असे की वस्तू सोपी, ती हातात धरता येते. रीत जराशी अवघड, पण करून दाखवता येते. दृष्टी मात्र कागदातून कापून काढता येत नाही, म्हणून ती राहून गेली. याच परिषदेने २०१० मध्ये आणखी एक शिफारस केली: वर्गातला किमान ९० टक्के व्यवहार शिकायच्या भाषेतच व्हावा. आता हस्तकलेच्या तासाला कान देऊन पाहा. ‘कातरी दे’, ‘हे इथे दुमड’, ‘माझा डिंक संपला’ ही वाक्ये जर इंग्रजीत होत असतील, आणि बहुधा होतातच, तर मानकातली एक बाजू सांभाळताना दुसरी बुडते. खरे तर कातरकाम ही आज्ञार्थ शिकवायची नामी संधी असते, पण त्यासाठी शिक्षकाला आदल्या दिवशी ती वाक्ये काढून फळ्यावर लावावी लागतात.

टीकाही तिथूनच आली. जेवण, पोशाख, सण, लोककथा यांपलीकडे न जाणाऱ्या संस्कृतिशिक्षणाची अमेरिकन शिक्षक स्वतःच चेष्टा करतात. जेम्स बँक्स या अभ्यासकाने बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यात ‘वीरपुरुष आणि सणवार’ ही सर्वांत खालची. लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये बालशिक्षणाविषयीच्या पुस्तकात अशा अभ्यासक्रमाला ‘पर्यटकी’ म्हटले. इतर लोक वर्षातून एकदा नटूनथटून आपल्या वर्गात येतात आणि दुसऱ्या दिवशी नाहीसे होतात, ही त्यांची तक्रार आजही खोडता येत नाही. १९९७ मध्ये मायकल बायराम यांनी आंतरसांस्कृतिक क्षमतेचा आराखडा मांडला. त्यात माहितीइतकेच महत्त्व कुतूहलाला, अर्थ लावण्याला आणि स्वतःच्या रीतीकडे त्रयस्थपणे पाहण्याला दिले आहे. युरोपात त्याचा बराच प्रभाव पडला.

पर्यटकी शिकवण्याचे ठळक उदाहरण म्हणजे ५ मे. १८६२ मध्ये या दिवशी मेक्सिकोच्या सैन्याने पुएब्ला इथे फ्रेंच सैन्याला हरवले. मेक्सिकोत हा दिवस मुख्यतः पुएब्लापुरता. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांनी तो तेव्हापासूनच साजरा केला, आणि पुढे बिअर विकणाऱ्यांनी तो अमेरिकाभर पोहोचवला. शाळांतून तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन म्हणूनही शिकवला गेला. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. मोठाल्या टोप्या आणि खोट्या मिशा लावलेल्या वर्गात एखादे मेक्सिकन वंशाचे मूल बसलेले असेल तर त्याला काय वाटत असेल, याचा विचार आता निदान काही ठिकाणी होऊ लागला आहे.

मृतांच्या दिवसाची बाब वेगळी आहे. तो १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत मनापासून पाळला जातो आणि युनेस्कोच्या वारसायादीत २००८ पासून आहे. तिथे वेदीवर वाहतात तो झेंडू मूळचा तिथलाच; आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो समुद्रापलीकडून आलेला पाहुणा आहे. वर्गात मात्र या सणाचा दर्शनी भागच येतो. मेक्सिको शहरातल्या भव्य मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवून ‘ही प्राचीन परंपरा’ असे सांगितले जाते. ती मिरवणूक २०१६ मध्ये सुरू झाली, आदल्या वर्षीच्या जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’ चित्रपटात तशी काल्पनिक मिरवणूक दाखवल्यानंतर. ही हकिकत लपवण्यासारखी नाही, उलट वरच्या वर्गात तीच शिकवावी. परंपरा कशा घडतात यावर मुलांना त्या भाषेत बोलते करायला याहून चांगला विषय कोणता?

या सणातली भाषेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट साखरेच्या कवटीत नाहीच. मेक्सिकोत या दिवसांत जिवंत माणसांवर चेष्टेच्या मृत्युकविता लिहायची पद्धत आहे. पुढाऱ्याला, शेजाऱ्याला, मास्तरला यमदूत न्यायला आला आणि मग काय झाले, अशा चार-आठ ओळी. वर्तमानपत्रे त्या छापतात, शाळांत स्पर्धा होतात. शिमग्याला शोभेल असा हा चावटपणा. विद्यार्थ्याला भूतकाळ वापरावा लागतो, यमक जुळवावे लागते, आणि मुख्याध्यापकांना मारायला मिळाल्यामुळे तो ते आनंदाने करतो.

असे बोलके सण शोधू गेले तर पुष्कळ सापडतात. मेक्सिकोतच १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री पोसादा होतात. मेरी आणि जोसेफ बेथलेहेमात आसरा शोधत फिरले त्याची ही आठवण. निम्मी मंडळी दाराबाहेर, निम्मी आत. बाहेरचे गाऊन जागा मागतात, आतले गाऊनच हाकलतात, असे बराच वेळ चालते आणि शेवटी दार उघडते. विनंती, नकार, कारण, आर्जव, स्वागत: संभाषणाच्या पाठ्यपुस्तकाचे निम्मे प्रकरण एका दाराशी उरकते. फ्रान्समध्ये ६ जानेवारीच्या सुमारास राजांचा केक कापतात. केकमध्ये एक छोटीशी चिनीमातीची बाहुली दडवलेली असते. वशिलेबाजी नको म्हणून सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसते. मोठे माणूस तुकड्यावर सुरी ठेवून विचारते की हा कोणाला, आणि खालून नाव येते. ज्याच्या तुकड्यात बाहुली, तो राजा किंवा राणी. नवख्यांच्या वर्गात वीस मुले असतील तर एकच प्रश्न वीस वेळा विचारला जातो आणि वीसही वेळा सगळे कान टवकारून ऐकतात. घोकंपट्टीला इतके सबळ कारण कुठल्याही स्वाध्यायपुस्तकाला देता आलेले नाही.

जपानी भाषेचे पुण्यात मोठे प्रस्थ आहे. ओकायामाशी असलेल्या मैत्रीची खूण म्हणून सिंहगड रस्त्यावर त्या शहरातल्या कोराकुएनच्या धर्तीवर पु. ल. देशपांडे उद्यानही उभे आहे. इथल्या जपानीच्या वर्गांतला एक सण जरा जवळून पाहण्यासारखा आहे: तानाबाता. विणकर राजकन्या आणि गुराखी एकमेकांत गुंतून कामधंदा विसरले, म्हणून त्यांना आकाशगंगेच्या दोन काठांवर ठेवले गेले आणि वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, भेटायची मुभा मिळाली. कथा चीनमधून आलेली. ते दोन तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण. या दिवशी लोक रंगीत कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूच्या डहाळीला बांधतात. पाऊस पडला तर भेट हुकते अशी समजूत. जपानने १८७३ पासून युरोपीय कालगणना स्वीकारली आणि हा सण ७ जुलैला, ऐन पावसाळी दिवसांत येऊन पडला. सेंदाई शहरात तो अजून ऑगस्टमध्ये करतात. पुण्याच्या जुलैतही आभाळाची तीच अवस्था असते, त्यामुळे समजूत कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

भाषेचे काम त्या पट्टीवर होते. सुरुवातीच्या विद्यार्थ्याला ‘मला अमुक करायचे आहे’ एवढेच म्हणता येते, क्रियापदाला एक प्रत्यय जोडून. पट्टीवर ते चालते, पण जपानी माणूस बहुधा ‘असे होऊ दे’ या अर्थाची वेगळी, नम्र रचना लिहितो. पहिल्या वर्षीचा विद्यार्थी स्वतःला काय हवे ते लिहितो, दुसऱ्या वर्षीचा आईच्या गुडघ्यासाठी मागणे मागतो, आणि दोघांच्या पट्ट्या एकाच डहाळीवर लटकतात. पट्टी अरुंद असते, उभी लिहायची असते, म्हणून वाक्य आधी मनात पक्के करावे लागते. बांधण्यापूर्वी प्रत्येकाने आपली पट्टी मोठ्याने वाचायची आणि एकाने त्याला एक प्रश्न विचारायचा, एवढी अट घातली की तासाभरात प्रत्येक जण लिहितो, वाचतो, ऐकतो, बोलतो.

‘बोलतो’ या शब्दावर जोर द्यायला कारण आहे. जपानी भाषेची जी क्षमता-परीक्षा जगभर मानली जाते, तिच्या पाचही पातळ्यांत तोंडी परीक्षा नाही आणि निबंधही नाही. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणे एवढेच तपासले जाते, तेही पर्याय निवडून. साहजिकच परीक्षेच्या तयारीचे वर्ग मुके होत जातात. या परीक्षेचा एक हंगाम जुलैच्या पहिल्या रविवारी येतो, म्हणजे तानाबाताच्या तोंडावरच, आणि पट्ट्यांवर सर्वाधिक मागणे कशाचे असेल हे सांगायला नको. सणाचा तास हा अशा विद्यार्थ्यासाठी चैनीचा उरत नाही. त्याच्या वेळापत्रकातला बोलण्याचा तास तेवढाच असतो.

सणांची तुलना हा वर्गातला लाडका उपक्रम. त्यात एक गोम आहे. जपानी लोक वसंताच्या आदल्या दिवशी दाणे फेकून राक्षसाला घराबाहेर काढतात आणि सुदैवाला आत बोलावतात, हे ऐकले की मराठी मुले लक्ष्मीपूजनाच्या रात्री केरसुणीने अलक्ष्मी बाहेर काढायची रीत सांगतात. तुलना रास्त आहे. पण ‘म्हणजे आपल्यासारखंच!’ असे एकदा म्हटले की विचारायचे काही उरत नाही. दाणे कोण फेकते, राक्षस कोण होतो, नंतर वयाइतकेच दाणे मोजून का खातात, हे प्रश्न फरकातून निघतात. चांगला शिक्षक साम्य दोन मिनिटांत मोकळे करतो आणि उरलेला वेळ फरकाला देतो.

धर्माचा प्रश्न टाळून चालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या शेम्प खटल्यात सरकारी शाळांतले बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, पण त्याच निकालात धर्माविषयी तटस्थपणे शिकवायला हरकत नाही असेही म्हटले. वर्गात वेदी मांडणे म्हणजे तिच्याविषयी शिकवणे की तिची पूजा करणे, यावर म्हणूनच तिथे वाद झडतात. काही पंथांतल्या कुटुंबांना वाढदिवससुद्धा चालत नाही. फ्रान्सने २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे बंद केली, तरी राजांचा केक शाळेत खुशाल कापला जातो; तो धर्माचा की बेकरीचा हे कोणी विचारत नाही. अरबीच्या वर्गाची अडचण निराळी. फक्त रमजान आणि ईद शिकवली तर अरबी म्हणजे इस्लाम असा समज पक्का होतो आणि इजिप्तचे कॉप्ट किंवा लेबनॉनचे ख्रिस्ती अरबीभाषक गायब होतात. तिथे शम अल्-नसीम कामी येतो. कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी येणारा हा इजिप्तचा वसंताचा सण मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही साजरा करतात. बागेत जातात, अंडी रंगवतात आणि उग्र वासाचा खारवलेला मासा खातात. वास कसा होता यावर बोलायला शब्द कमी पडतात, म्हणजे नवे शिकावे लागतात.

सणांमागे पैसाही असतो. आलियाँस फ्राँसेज १८८३ पासून, ब्रिटिश कौन्सिल १९३४ पासून, गटे इन्स्टिट्यूट १९५१ पासून, जपान फाउंडेशन १९७२ पासून, सर्व्हान्तेस इन्स्टिट्यूट १९९१ पासून आपापल्या भाषेचा प्रसार करत आहेत. आपल्याकडे गटे इन्स्टिट्यूट मॅक्सम्युलर भवन म्हणून ओळखले जाते. या संस्थांनी उत्तम शिक्षक घडवले आणि सणांचे साहित्य फुकट पुरवले, हे मान्य करायला हवे. पण पाहुणचार करणारा घरातले भांडण दाखवत नाही. २००४ पासून पसरलेल्या चीनच्या कन्फ्यूशियस संस्थांवर हाच आक्षेप होता: कागदकाम, डंपलिंग, ताई-ची हवे तेवढे, तिबेट आणि तिआनानमेनचे नाव नको. शिकागो विद्यापीठाने २०१४ मध्ये आपल्याकडची संस्था बंद केली आणि पुढे अमेरिकेतल्या बहुतेक सर्व बंद झाल्या. वसंतोत्सवात दोष नव्हता. त्याच्याआड काय झाकले जाते, यावर वाद होता.

जर्मनच्या बाबतीत गरज बदलते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनदुरुस्ती करणारे यांना जर्मन शिकायचे आहे. त्यांना बवेरियाचा बिअरमहोत्सव आणि चामडी चड्डी दाखवून काय साधणार? रविवारी ड्रिल मशीन चालवले तर शेजारी तक्रार करतो, बाटली परत दिली की अनामत मिळते, वरिष्ठाला आपणहून एकेरीत हाक मारायची नाही, हे त्यांना आधी हवे. सणच घ्यायचा तर वाढदिवस घ्यावा. तिथे आगाऊ शुभेच्छा देणे अशुभ मानतात आणि कामाच्या ठिकाणी केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो. दोन्ही गोष्टी न कळल्याने नव्या माणसाची फजिती होऊ शकते, आणि दोन्ही वर्गात चारपाच वाक्यांत वठवता येतात.

लहान भाषांकडे वळले की सणाचे वजन वाढते. वेल्समध्ये इफान अब ओवेन एडवर्ड्स यांनी १९२२ मध्ये मुलांची उर्द ही संघटना काढली आणि १९२९ पासून तिचा वार्षिक महोत्सव भरतो. गायन, पाठांतर, नाट्य, लेखन अशा स्पर्धा. आधी स्थानिक, मग विभागीय, मग राष्ट्रीय फेरी. घरी इंग्रजी बोलणाऱ्या, वेल्श शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळे गट. मंचावरची भाषा वेल्शच. उत्सव आठवडाभराचा, पण तयारी कित्येक महिने शाळाशाळांतून चालते, आणि भाषा त्या तयारीत मुरते. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषासप्ताह १९७५ पासून आहे, आणि २०२२ पासून मातारिकी, म्हणजे कृत्तिकांच्या उदयाचे माओरी नववर्ष, सार्वजनिक सुट्टीचे झाले.

यावरून सण भाषेला तारतो असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. तो आवरायला गोव्यात जावे. साओ जांवला २४ जूनला लोक फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात, इंत्रुजला किंग मोमोची मिरवणूक निघते. सणांची नावे पोर्तुगीज राजवटीतून आलेली, गाणी मात्र कोंकणी. १९६१ नंतर पोर्तुगीज व्यवहारातून गेली. आता ती काही जुन्या घरांत आणि शिकणाऱ्यांच्या वर्गांत उरली आहे. सण ठणठणीत आहेत. मॉरिशसमध्ये हेच मराठीच्या बाबतीत दिसते. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांनी गणेशचतुर्थी जपली, ती तिथे सरकारी सुट्टीची आहे. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. शाळांत मराठी शिकण्याची सोयही आहे. घरात मात्र क्रेओल बोलतात. भाषा गेल्यावरही सण मजेत जगू शकतो, हे मान्य केल्याशिवाय सणातून भाषा शिकवण्याचा विचार प्रामाणिकपणे करता येणार नाही.

अमेरिकेतल्या मराठी शाळांपुढे हाच प्रश्न उभा आहे. रविवारी सकाळी आईवडीलच शिक्षक होतात, जीव तोडून शिकवतात, आणि वर्षाचा मुक्काम असतो गणेशोत्सवातला किंवा दिवाळीतला कार्यक्रम. अनेक ठिकाणी मुले रोमन लिपीत लिहिलेले संवाद पाठ करतात, तालीम इंग्रजीत चालते, आणि रंगमंचावर दहा मिनिटे अस्खलित मराठी ऐकून आजी-आजोबांचे डोळे भरून येतात. आजींनी नंतर शेजारी बसवून साधा प्रश्न विचारला की उत्तर इंग्रजीत येते. यात मुलांचा दोष नाही. त्यांना बोलायला कोणी सांगितलेच नव्हते, पाठ केलेले म्हणून दाखवायला सांगितले होते.

आणि गंमत अशी की बोलायला लावणारे सण आपल्याकडे हवे तितके आहेत. संक्रांतीचा तिळगूळ देताना समोरच्याचे वय पाहून ‘घे’ की ‘घ्या’ ठरवावे लागते. अमराठी मुलाला आदरार्थी आज्ञार्थ शिकवायला वेगळा धडा कशाला? २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाल्यावर हिंदी, गुजराती, तमिळ घरांतली पुष्कळ मुले मराठीच्या तासाला बसतात, आणि त्यांच्या हाती बहुधा गाळलेल्या जागा पडतात. केंद्राच्या ‘भाषा संगम’ उपक्रमात २०१८ मध्ये शाळांतून २२ भाषांतली पाच-पाच वाक्ये म्हणवून घेतली गेली. हेतू चांगला, पण रोज नव्या भाषेची पाच वाक्ये परिपाठाला म्हणून टाकली तर आठवड्याने एकही आठवत नाही. त्यापेक्षा एका भाषेचा एक सण नीट करावा.

माझी निवड भोंडला. फेर धरून म्हटलेली गाणी छानच, पण शिक्षकाचे खरे सोने त्यानंतरच्या खिरापतीत आहे. डबा झाकलेला असतो आणि मुलींनी ओळखायचे असते. गोड की तिखट? ओलं की सुकं? तळलेलं की भाजलेलं? चमच्याने खायचं का? चव, पोत, कृती, आकार यांची विशेषणे, प्रश्नार्थक वाक्ये, होकार-नकार, सगळे भुकेच्या जोरावर. खिरापत करणाऱ्या घराची प्रतिष्ठा ती कोणाला न ओळखता येण्यात असते, त्यामुळे पदार्थ दरवर्षी नवा. बंगळुरूतल्या, सिंगापूरमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी वर्गाला यासाठी ना मंच लागतो ना वेशभूषा. मुलगेही घ्यावेत.

मराठी शाळांच्या ताई-दादांना म्हणूनच विनंती आहे: येत्या नवरात्रात डब्याचे झाकण घट्ट लावून ठेवा, आणि इंग्रजीतून आलेला एकही प्रश्न तुम्हाला ऐकू आला नाही असे बेधडक दाखवा.